ब्रायटनचा निकाल: तीन टक्के मतांची किंमत किती?

कोकणातल्या, मुंबईतल्या कितीतरी मुस्लिम घरांमधलं कोणी ना कोणी आज इंग्लंडमध्ये आहे. कोणाचा भाचा शिकायला गेलाय, कोणाची लेक लग्न होऊन गेली, कोणाचे चुलते तर पन्नास वर्षांपूर्वीच तिथे स्थायिक झाले. पण तिथल्या निवडणुकांचा विषय निघाला की आपली चर्चा पंतप्रधानांपलीकडे जात नाही. लंडनच्या दक्षिणेला समुद्रकिनारी ब्रायटन अँड होव्ह हे शहर आहे. तिथल्या स्थानिक निवडणुकीचा निकाल आम्हाला सविस्तर सांगावासा वाटतो, कारण मस्जिद, कब्रस्तान, शाळा, घर आणि कचरा हे रोजचे प्रश्न तिथेही खासदाराकडे नसतात, नगरसेवकाकडे असतात.

४ मे २०२३ ला तिथे मतदान झालं. एकूण जागा ५४. त्यातल्या ३८ लेबर पक्षाने जिंकल्या. तोवर सत्तेत असलेला ग्रीन पक्ष फक्त ७ वर आला. कन्झर्व्हेटिव्ह ६, आणि उरलेल्या तीन अपक्ष व स्थानिक गटाकडे. वीस वर्षांत पहिल्यांदाच या शहरात एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. ग्रीनचे नेते फेलिम मॅककॅफर्टी यांना तर स्वतःची जागाही राखता आली नाही. लेबरच्या बेला सँकी शहराच्या नेत्या झाल्या.

हा धक्का केवढा होता हे समजायला थोडं मागे जावं लागेल. ब्रायटन हा ग्रीन पक्षाचा बालेकिल्ला. देशातली पहिली ग्रीन खासदार, कॅरोलिन लुकास, २०१० मध्ये इथूनच निवडून आली. २०११ मध्ये ग्रीनने चालवलेली ब्रिटनमधली पहिली कौन्सिलही इथलीच. २०१५ ला ती गेली. २०१९ ला लेबर २० आणि ग्रीन १९ अशी जवळजवळ बरोबरी झाली. पुढे लेबरचे काही सदस्य पक्षातून बाहेर पडले आणि २०२० च्या जुलैमध्ये कारभार पुन्हा ग्रीनकडे आला.

मग तीन वर्षांत असं काय बिघडलं? उत्तर अगदी आपल्या मोहल्ल्यातलं आहे: कचरा. ऑक्टोबर २०२१ मध्ये सफाई कामगारांचा संप झाला. दोन आठवडे कचरा उचलला गेला नाही, पर्यटकांच्या शहरात रस्त्यांवर पिशव्यांचे ढीग लागले. फुटपाथवर गवत वाढलं, कारण तणनाशक न फवारण्याचं धोरण होतं. गंमत म्हणजे तो ठराव झाला तेव्हा सत्ता लेबरकडे होती, पण लोकांच्या शिव्या ग्रीनने खाल्ल्या. पैसे वाचवायला सार्वजनिक शौचालयं बंद करायचा प्रस्ताव आला. समुद्रकिनाऱ्याच्या शहरात, जिथे लहान मुलं घेऊन लोक दिवसभर येतात! हवामान बदलावर पक्षाची भूमिका कितीही चांगली असो, दारासमोरची कचराकुंडी आठवडाभर तशीच राहिली तर मतदार त्याचाच हिशोब आधी करतो.

आणखी एक दुखणं होतं ते किनाऱ्यावरच्या आय ३६० नावाच्या उंच मनोऱ्याचं. तो बांधायला कौन्सिलने सरकारी निधीतून घेतलेले सुमारे ३.६ कोटी पौंड कर्जाऊ दिले. २०१४ च्या त्या निर्णयाला कन्झर्व्हेटिव्ह सदस्यांचीही साथ होती. मनोरा २०१६ मध्ये सुरू झाला, पण लोक अपेक्षेइतके चढलेच नाहीत. हप्ते थकत गेले, व्याज चढत गेलं. शेवटी २०२४ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत निघाली, कौन्सिलला पाच कोटी पौंडांहून जास्त येणं सोडून द्यावं लागलं आणि मनोरा दीड लाख पौंडांत विकला गेला. तोपर्यंत सत्ता लेबरची होती, म्हणजे खड्डा त्यांच्या वाट्याला आला.

आता आकड्यांकडे जरा नीट बघू. ५४ पैकी ३८ म्हणजे सत्तर टक्के जागा. पण म्हणून लेबरला सत्तर टक्के मतं मिळाली असं कोणी समजू नये. तिथेही आपल्यासारखंच आहे: ज्याला जास्त मतं तो विजयी, बाकीची मतं वाया. शहरात २३ प्रभाग आहेत, प्रत्येकात दोन किंवा तीन नगरसेवक. आपल्या महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी. तिथे तसं नाही. सगळे उमेदवार एकाच यादीत, मतदाराला जितक्या जागा तितकी मतं, आणि वरचे दोन किंवा तीन निवडून येतात. महिला किंवा इतर कोणासाठी राखीव जागा नाहीत. अशा पद्धतीत पक्षाची हवा असली की प्रभागच्या प्रभाग एकाच पक्षाकडे जातो. २०२३ ला हेच झालं.

अशा ठिकाणी मुसलमानांचं काय? शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, त्यात मुसलमान जेमतेम तीन टक्के. ब्रॅडफर्ड किंवा लेस्टरसारखी दाट वस्ती इथे नाही. केवळ आपल्या मतांवर एकही प्रभाग जिंकता येणार नाही. तरीही २०२३ ला लेबरच्या यादीतून निवडून आलेले मोहम्मद असदुज्जमान २०२४ च्या मे महिन्यात महापौर झाले. शहराचे ते बांगलादेशी वंशाचे पहिले महापौर. ही बातमी आपल्याकडेही बऱ्याच फोनवर फिरली, ‘इंग्लंडच्या शहरावर मुसलमानाचं राज्य’ असल्या मथळ्यांनी. आम्हाला ते मथळे पटत नाहीत. तिथला महापौर मानाचा असतो, वर्षभर सभा चालवतो, कार्यक्रमांना जातो. निर्णय नेता आणि त्याचं मंत्रिमंडळ घेतं. खरं महत्त्व याचं आहे की ज्या मतदारांत शंभरातले सत्त्याण्णव मुसलमान नाहीत, त्यांनी एका मुसलमानाला नगरसेवक केलं. तो त्यांच्या कचऱ्याचं, पार्किंगचं, घरांचं बोलत होता म्हणून.

तसं हे शहर आपल्या लोकांना नवखं नाही. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन मुहम्मद उतारवयात इथे येऊन स्थायिक झाले. त्यांच्या चंपी-मालिशच्या हमामात राजेसुद्धा यायचे. पहिल्या महायुद्धात इथल्या रॉयल पॅव्हेलियन राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी स्वयंपाकघरं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. जे मुसलमान सैनिक दगावले त्यांना वोकिंगला, शाहजहान मस्जिदीच्या जवळ दफन केलं गेलं.

पण चित्र सगळं गोड नाही. ब्रायटनपासून काही मैलांवर पीसहेवन हे छोटं किनारी गाव आहे. ४ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री तिथल्या मस्जिदीला आग लावण्यात आली. आत दोन माणसं होती, अल्लाहच्या कृपेने ती वाचली. दार जळलं, बाहेर उभी गाडी जळली. पोलिसांनी द्वेषातून झालेला गुन्हा म्हणून तपास सुरू केला. नंतर पंतप्रधान स्टार्मर तिथे गेले आणि मस्जिदींच्या सुरक्षेसाठी आणखी एक कोटी पौंड जाहीर केले. पीसहेवन ज्या ईस्ट ससेक्स कौंटीत आहे तिथली मे २०२५ ची निवडणूक, प्रशासनाची फेररचना होणार म्हणून, वर्षभर पुढे ढकलली गेली होती. त्याच दिवशी शेजारच्या केंट कौंटीत मतदान झालं आणि स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या रिफॉर्म पक्षाने ८१ पैकी ५७ जागा घेतल्या. कन्झर्व्हेटिव्ह ६२ वरून ५ वर आले. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, गाडीने तासा-दोन तासांच्या अंतरात, दोन अगदी वेगळे निकाल.

निवडणूक पुढे ढकलणं आपल्याला काही नवीन नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकाचाच कारभार होता. फरक एवढाच की ईस्ट ससेक्समध्ये जुनेच नगरसेवक पदावर राहिले, त्यामुळे दार ठोठावायला निदान कोणीतरी होतं.

आता आपल्या नातेवाइकांना कळवण्यासारखी गोष्ट. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इंग्लंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या, अठरा वर्षांवरच्या भारतीय नागरिकाला तिथे मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, विद्यार्थी व्हिसावर असलं तरी चालतं. आम्ही बोललो त्यातल्या बऱ्याच घरांना हे माहीतच नव्हतं. नाव मात्र आपणहून नोंदवावं लागतं, ते ऑनलाइन आणि मोफत होतं. २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. काहीच नसेल तर कौन्सिलकडून मोफत प्रमाणपत्र मिळतं. नकाब घालणाऱ्या बहिणींना चेहरा आडोशाला दाखवता येतो आणि महिला कर्मचारी मागता येते. मतदान नेहमी गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा, म्हणजे कामावरून येतानाही जमतं.

ब्रायटनची पुढची निवडणूक मे २०२७ मध्ये आहे. लेबरला या वेळी मागच्यांकडे बोट दाखवता येणार नाही. ग्रीन परतायची तयारी करतोय. २०२४ मध्ये ब्रायटन पॅव्हेलियनची खासदारकी शान बेरी यांनी पक्षाकडे राखली आणि शेजारच्या हेस्टिंग्जच्या कौन्सिलमध्ये तो सर्वात मोठा पक्ष झाला. रिफॉर्मही किनाऱ्याने सरकत येतोय. तुमचा भाचा किंवा लेक त्या शहरात असेल तर आज फोनवर एवढंच विचारा, मतदार यादीत नाव आहे का?