आधी विचारा, मग फरशी बसवा

निलंगेकरांनो, पोस्ट जरा मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

पुण्याच्या नदीकाठाचे फोटो सध्या ग्रुपवर फिरायलेत. दगडी पायऱ्या, रुंद वाट, दिवे. खाली ठरलेली कमेंट : "आपल्याकडं असं कधी होणार?"

व्हावं की! तळ्याकाठी, नदीकाठी बसायला चार जागा कुणाला नको आहेत? माझा सवाल एवढाच आहे की ते कुणाला विचारून होणार.

त्याच पुण्यात काय झालं ते फोटोत दिसत नाही. मुळा-मुठेचा ४४ किलोमीटर काठ, खर्च ४ हजार कोटींच्या वर, भूमिपूजन मार्च २०२२ ला. आणि वर्षभरात, एप्रिल २०२३ मध्ये, पुणेकर झाडं वाचवायला 'चिपको' म्हणत रस्त्यावर उतरले. प्रकरण हरित लवादात गेलं. पूर आला तर पाणी कुठं जाणार, सांडपाण्याचं काय, काठावरची झाडं का तोडता, हे प्रश्न नकाशा काढायच्या आधी विचारायचे होते. नकाशा पक्का करून, टेंडर काढून मग "हरकती असतील तर कळवा" म्हणणं याला लोकसहभाग म्हणत नाहीत. पत्रिका छापून झाल्यावर पोरीला "मुलगा पसंत आहे का?" विचारल्यासारखं आहे ते.

नांदेड तर आपल्या शेजारीच आहे. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं गोदावरीचे घाट बांधले. घाट देखणे झाले, पण नदीत जाणाऱ्या सांडपाण्याची तक्रार काही संपली नाही. पायऱ्या नव्या, पाणी तेच.

काही जण म्हणतील, "लोकांना विचारत बसलं की कामं रखडतात." मुंबईत वांद्र्याला बँडस्टँड आणि कार्टर रोडचा समुद्रकाठ रहिवाशांच्या संघटनांनी वास्तुविशारद पी. के. दास यांना सोबत घेऊन उभा केला. लोक आजही तिथं रोज फिरतात. "ते वांद्र्याचे पैसेवाले, शिकलेले लोक," असं म्हणणार असाल तर आपल्याच जिल्ह्यात या.

३० सप्टेंबर १९९३ आपण विसरलेलो नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर घरं दुरुस्त करायच्या कामात गावोगावच्या बायांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमलं होतं. शासन काय देतंय ते त्या घरोघर सांगायच्या आणि लोकांचं म्हणणं वर पोचवायच्या. बहुतेक जणी फार शिकलेल्या नव्हत्या, तरी काम झालं. आणि दुसरीकडं कॉलनीसारखी सरळ रेषेत आखलेली नवी गावं बघा. जुन्या गल्ल्या, भावकी, वाड्याचं अंगण त्या रेषेत बसलंच नाही. विचारलं तर काय होतं आणि नाही विचारलं तर काय होतं, दोन्ही आपल्या डोळ्यासमोर आहे.

म्हणून आपल्या तालुक्यात तेरणा-मांजरेकाठी असो की गावतळ्यावर, सुशोभीकरणाचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी मागा.

१. टेंडरच्या आधी नकाशा आणि खर्च मराठीत चौकात लावा. महत्त्वाचा निर्णय घेताना त्याची माहिती आपणहून द्यायची, हे माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतंच.

२. गुरं पाण्यावर आणणारा, धुणं धुणाऱ्या बाया, दहाव्याला येणारे लोक, पहाटे फिरणारी म्हातारी माणसं, यांना काठावर जाऊन विचारा. बायांना तर आधी विचारा. संडास आणि उजेड नसेल तर त्या तिथं दुसऱ्यांदा येणार नाहीत.

३. आधी पाणी, मग फरशी. २०१६ ला लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय. कोरड्या पात्राकडं तोंड करून बसायला बाकडे कशाला? गाळ काढा, नाल्याचं पाणी अडवा, झाडं जगवा.

मी विकासाच्या विरोधात नाही. पण पैसा आपला, काठ आपला आणि नकाशा तेवढा परस्पर, हे चालणार नाही.

तुमच्या गावच्या तळ्याकाठी सगळ्यात आधी काय पाहिजे? खाली लिहा. कुणी विचारायची वाट बघू नका.