मात्रा ठरवावयास हवी

भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग बदलताना दोघे जण त्याचे हातपाय धरतात, तिसरा पट्टी सोडवतो आणि आई दाराबाहेर डोळ्यांना पदर लावून उभी असते. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. धरणाऱ्यांत मीही होतो. ‘लहान आहे, विसरून जाईल’ अशी आपण मनाची समजूत घालत असू. मुले विसरत नाहीत. पुढच्या वेळी पांढरा कोट दिसताच रडू लागतात. म्हणूनच ‘आभासी वास्तव’ या तंत्राकडे मला केवळ खेळणे म्हणून पाहता येत नाही.

दोन डोळ्यांना किंचित निरनिराळी चित्रे दाखविली की मेंदू त्यांतून खोलीचा आभास निर्माण करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने सिद्ध केले. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी संगणकाचे चित्र डोळ्यांसमोर आणणारे, मान वळताच दृश्यही वळविणारे उपकरण डोक्यावर चढविले. त्याचा सांगाडा छताला टांगावा लागे. पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी ते तंत्र जळित रुग्णांच्या खाटेपाशी आणले. त्यांच्या ‘स्नोवर्ल्ड’मध्ये रुग्ण हिमदरीतून जात बर्फाचे गोळे फेकतो आणि तेवढ्यात जखमेची निगा राखली जाते. २००० साली त्यांनी दोन किशोरवयीन रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. दोघांनाही वेदना कमी जाणवल्या होत्या. मनुष्याचे अवधान मर्यादित असते. ते बर्फात गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी येते. अर्थात हा उपचार वेदनाशामकाला पर्याय नव्हे, जोड आहे.

आज हेच उपकरण हलके होऊन घरोघरच्या करमणुकीसाठी विकले जाते, आणि येथे माझा मतभेद आहे. जी शक्ती मुलाला वेदनेपासून दूर नेते, तीच त्याला अंगणापासून आणि जेवणाच्या ताटापासूनही दूर नेऊ शकते. डोळे ‘चाललो’ म्हणतात, अंतःकर्ण ‘स्थिर आहे’ म्हणतो; त्यातून काहींना मळमळ होते. पालक विचारतात, “डॉक्टर, वाढदिवसाला घेऊन देऊ का?” मी सांगतो, औषध वाढदिवसाला देत नाहीत. औषधाप्रमाणेच याचेही कारण, मात्रा आणि निषेध ठरलेले असावेत. अपस्माराचा इतिहास विचारावा, वेळ मोजकी ठेवावी, प्रत्येक रुग्णानंतर उपकरण निर्जंतुक करावे.

आपल्या मंडळाने असे एखादे उपकरण घेऊन सभासदांच्या रुग्णालयांना आळीपाळीने द्यावे, अशी माझी सूचना आहे. परंतु त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. मुलाचे अवधान आईच्या आवाजातही गुंतते. यंत्र येईल तेव्हा येवो. आईला दाराबाहेर ठेवणे मात्र आपण आजच थांबवू शकतो.