डोळ्यात काही नाही, मग दुखते काय?

आमच्या महिन्याच्या बैठकीत ती नेहमी दाराकडे पाठ करून बसते. दारातून येणारी उन्हाची तिरीप तिला सोसत नाही. कूलर सुरू केला की उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. दोन वर्षे आम्ही हे बघत होतो आणि आपापसात म्हणत होतो, हिचे नखरे फार. असे म्हणणाऱ्यांत मीही होते. म्हणून या लेखातला पहिला दोष मी स्वतःच्या पदरात घेते.

तिचे नाव देत नाही. दारव्हा तालुक्यातली, बी.एड. झालेली, खाजगी शाळेत शिकवणारी. सातवीपासून चष्मा, नंबर साडेपाच. लग्नाचे बघायला लागल्यावर स्थळे येत, चहा-पोहे होत आणि मागून निरोप येई, ‘मुलगी चांगली आहे, पण भिंगं जाड आहेत.’ तिसऱ्या नकारानंतर मामाने नागपूरच्या एका दवाखान्याचे कार्ड आणले. वडिलांनी कापसाचे पैसे आले तसे त्यात घातले. काही मिनिटांचे काम, दुखत नाही, चष्मा कायमचा सुटतो, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भिंतीवरच्या कालनिर्णयातले बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचता आले आणि ती आनंदाने रडली. हे ती आजही सांगते, लपवत नाही. नजर खरोखरच आली. लग्नही जमले.

त्रास सुरू झाला तो पहिल्या महिन्यातच. डोळ्यात वाळू गेल्यासारखे टोचणे, सकाळी पापणी उघडताना जळजळ, दुपारनंतर भुवयांच्या वर आणि कानशिलात ठणका. कोरडेपणा आहे, तीन महिन्यांत जाईल, असे सांगितले गेले. तीनाचे सहा झाले, सहाचे बारा. दर वेळी दिव्याखाली तपासून एकच उत्तर मिळे, ‘मॅडम, डोळे एकदम क्लिअर आहेत.’ मग घरात सुरू झाले. नवरा म्हणे, ‘रिपोर्ट नार्मल हाय, मंग तुह्यं डोकं रोजच काऊन दुखते?’ सासू म्हणे, ‘लग्नाआंदी सांगतलं असतं त आमी ईचार केला असता.’ आणि मी, स्त्री-आरोग्याची शिबिरे घेणारी कार्यकर्ती, तिला म्हणाले होते, ‘कशाला केली होतीस ही हौस?’

मैत्रिणींनो, ‘डोळ्यात काही नाही’ आणि ‘दुखत नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, तो शरीरातल्या सर्वांत संवेदनशील जागांपैकी एक आहे. धुळीचा कण गेला तर आपण कळवळतो ते त्यामुळेच. लॅसिक या शस्त्रक्रियेत या पडद्याची पातळ झडप कापून उचलतात, खालच्या भागाला लेसरने आकार देतात आणि झडप परत बसवतात. हे करताना तिथले संवेदनेचे तंतू कापले जातातच. ती डॉक्टरची चूक नव्हे, ती या शस्त्रक्रियेची रीतच आहे. तंतू पुन्हा वाढतात, त्याला महिने लागतात. तोवर अश्रूंचे चक्र बिघडलेले असते, कारण डोळा कोरडा झाला ही बातमी मेंदूला पोचवणारे तंतूच तुटलेले असतात. बहुतेकींचे सहा महिन्यांत, वर्षभरात पूर्ववत होते. थोड्याजणींचे होत नाही. तंतू वेडेवाकडे वाढतात, साधी हवा लागली तरी वेदनेचा निरोप धाडतात, आणि कधी मेंदूलाच त्या निरोपाची सवय जडते. अशा वेळी दिव्याखाली पडदा स्वच्छ दिसतो, कारण नेहमीच्या तपासणीत पृष्ठभाग दिसतो, दुखणारी नस दिसत नाही. बधिर करणारा थेंब डोळ्यात घालून दुखणे थांबते का, हे बघण्याची साधी चाचणी आहे. थेंबानेही थांबले नाही तर दुखण्याचे मूळ आणखी आत आहे असे मानायला जागा असते. तिच्या डोळ्यात तो थेंब कुणी तरी तिसऱ्या वर्षी घातला.

डोकेदुखीची कारणे आणखी वेगळी असू शकतात. राहून गेलेला नंबर, गरजेपेक्षा जास्त झालेली दुरुस्ती, दोन डोळ्यांतला फरक. शिवाय जवळचे बघताना लांबचा चष्मा काढून ठेवण्याची सवय असलेल्या डोळ्यांना आता वह्या तपासताना जास्त जोर लावावा लागतो. अर्धशिशी आधीपासून असेल तर उजेडाने ती उसळते. म्हणजे नुसते ‘डोके दुखते’ म्हणून चालत नाही. कुठे, किती वाजता, कशाने वाढते हे कुणीतरी बसून विचारायला हवे. बाईच्या डोकेदुखीला आपल्याकडे ही पाच मिनिटेही मिळत नाहीत. ती दुखणे सांगते तेव्हा समोरचा आधी तिच्या स्वभावाचा विचार करतो.

या शोधात आपल्या माणसाचाही हात आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ मध्ये सणाच्या जेवणातले उरलेले टर्कीचे मांस त्यांनी नेले आणि एक्सायमर लेसर ते न जाळता काटेकोर कापतो हे दाखवले. १९९५ मध्ये तिकडच्या औषध प्रशासनाने तो लेसर नजरेच्या दुरुस्तीसाठी मान्य केला. त्याच प्रशासनाला एप्रिल २००८ मध्ये जाहीर सुनावणी घ्यावी लागली, तिथे त्रास झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बोलले. पुढे त्यांनीच पुढाकार घेतलेल्या पाहणीत, आधी कोरडेपणाचा त्रास नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी तो असल्याचे सांगितले. त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते, हेही लिहायलाच हवे. या शस्त्रक्रियेविरुद्ध मोहीम काढा असे मी म्हणत नाही. बहुतेकींना ती लाभते. पण रुग्णाला धोके नीट सांगावेत, दीर्घकाळ राहणारे दुखणेही त्यात असावे, असा मार्गदर्शक मसुदा अमेरिकेत २०२२ मध्ये निघतो, आणि इथे दवाखान्याच्या रंगीत पत्रकावर नुसती हसरी मुलगी असते.

‘हौसेने केले ना, मग भोगा’ या वाक्याचा मात्र मला आता राग येतो. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसावर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, कितीकांना दिसेनासे झाले. तेव्हाही त्यांनाच सुनावले गेले की तुम्ही मोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही. तेव्हा आपण रस्त्यावर विचारले होते की औषध विकले कुणी, सांगितले कुणी, दुसरा मार्ग होता का. तोच प्रश्न या मुलीच्या बाबतीत आपण का विचारत नाही? तीन घरांनी नाकारलेल्या मुलीची ती ‘हौस’ कशी? वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत आजही ‘चष्मा नाही’ हे गोऱ्या रंगासारखेच गुण म्हणून छापतात. मुलाला चष्मा असला तर तो अभ्यासू. आणि आपल्यातल्याही किती कार्यकर्त्यांनी भाचीसाठी स्थळ सुचवताना ‘चष्मा गेलाय हं आता तिचा’ असे हळूच सांगितले आहे, ते आठवून बघावे.

जिला आता दुखते आहे तिने काय करावे, यावर गटात आम्ही बरेच बोललो, एका जाणत्या नेत्रतज्ज्ञ बाईंनाही विचारले. यवतमाळात उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडी, त्यात कूलरचा झोत थेट तोंडावर. झोत पायांकडे वळवणे ही पहिली आणि फुकटची गोष्ट. बाहेर पडताना नुसता स्कार्फ पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. गावात त्यावरून ‘हिरोईन’ म्हणतील, म्हणू द्यावे. चुलीचा धूर, जिनिंगमधली कापसाची रुई यांपासून शक्य तितके दूर. मोबाईलवर आणि वह्यांवर बघताना आपण पापण्या लववायचे विसरतो, म्हणून दर थोड्या वेळाने मान वर करून लांब बघावे, मुद्दाम पापण्या मिटाव्यात. ऊन पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पापण्या शेकल्या की बऱ्याचजणींना आराम पडतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून अनेकदा घालावे लागत असतील तर टिकवण्याचे रसायन नसलेले घ्यावेत; ते महाग पडतात, आणि घरखर्चात बाईच्या थेंबांचा नंबर शेवटी लागतो हेही खरे आहे. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी डोळे आणखी कोरडे होतात. पाळी जाण्याच्या वयातही कोरडेपणा वाढतो.

गुलाबपाणी, मध, बाळंतिणीचे दूध डोळ्यात घालू नये. मेडिकलवाल्याने दिलेले लाल डोळ्यांचे थेंब तर मुळीच नको. त्यांत अनेकदा स्टिरॉइड असते. लगेच बरे वाटते, पण देखरेखीशिवाय महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही. बधिर करणारे थेंबही घरी वापरायचे नाहीत, त्यांनी पडद्याला जखम होते. डोकेदुखीच्या गोळ्यांचेही तसेच. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी घेतली की त्या गोळीचीच डोकेदुखी जडते.

एवढ्यानेही भागले नाही तर पुढचे उपचार आहेत. सूज उतरवणारे खास थेंब, स्वतःच्याच रक्तातल्या सिरमपासून केलेले थेंब, डोळ्यावर पाण्याचा थर धरून ठेवणारी मोठी लेन्स, आणि नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या. या गोळ्यांत काही अशा आहेत ज्या उदासीनतेच्या आजारावरही देतात. आमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याने चिठ्ठी दुकानात दाखवली आणि घरात बोभाटा झाला की हिला वेडाच्या गोळ्या चालू केल्या. तिने आठ दिवसांत त्या बंद केल्या. गटातल्या दोघी तिच्यासोबत पुढच्या तपासणीला गेल्या, नवऱ्यालाही नेले, आणि ही गोळी नसेवर काय काम करते ते डॉक्टरांच्या तोंडून त्याला ऐकवले. त्यातल्या काही गोळ्यांनी डोळे आणखी सुकतात, तेही तिथेच कळले. मला वाटते, गटाने करण्यासारखे सर्वांत मोठे काम हेच आहे. तिच्याबरोबर जायचे आणि तिचे बोलणे मध्येच तोडू द्यायचे नाही.

आता संमतीपत्राबद्दल. तिने सही केली तो कागद इंग्रजीत होता, दोन पानांचा, ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी अर्धा तास हातात दिलेला. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले आहे की, संमती खरी असायची तर उपचार काय, पर्याय काय, मोठे धोके काय हे रुग्णाला पुरेसे कळलेले असले पाहिजे. त्या खटल्यातल्या बाईने केवळ दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती बेशुद्ध असताना आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडे काढली गेली. आपल्या शरीराबाबत आईचीही सही चालत नाही, हे त्या निकालाने ठरवले. मग मामाने ठरवलेल्या तारखेचे काय? चष्मा हाच तर पर्याय होता, स्वस्त आणि बिनधोक. तो पर्याय म्हणून तिच्यासमोर कुणी ठेवला?

डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ठरवले. उपचाराचा खर्च पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. दुष्परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असे मात्र होत नाही, तज्ज्ञाचे मत लागते. पण धोका सांगितलाच नाही हा वेगळा मुद्दा मांडता येतो. कागद मागण्याचा हक्क तर प्रत्येकीला आहे. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. ऑपरेशनच्या आधी पडद्याची जाडी किती होती, अश्रूंची तपासणी केली होती का, हे त्या नोंदींवरूनच कळेल.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तिच्या ऑपरेशनला तीन वर्षे होत आली. उशिराला सबळ कारण दिले तर आयोग तो माफ करू शकतो, आणि कारण लिहायची वेळ आली तेव्हा ती अर्जाचा कागद पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिली. मग तिने लिहिले, ‘दुखते आहे हे कोणी मानत नव्हते.’ वकीलबाई म्हणाल्या, हे कायद्याच्या भाषेत बसवावे लागेल. नोंदींसाठीचा अर्ज आम्ही पोस्टाने, पोचपावतीसह पाठवला आहे. ७२ तास कधीच उलटून गेले. या सोमवारी स्मरणपत्र घेऊन दोघीजणी तिच्याबरोबर नागपूरला जात आहेत. सकाळच्या पहिल्या एसटीने, ऊन चढायच्या आत.