ॲलर्जी आहे, की झाली?

सोमवारची ॲलर्जी, बॉसची ॲलर्जी, एक्सेल शीटची ॲलर्जी... ऑफिसात हा शब्द आपण कटिंग चहासारखा दिवसातून दहा वेळा वापरतो. पण हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या काचेच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी हेडफोन लावून अमेरिकेतल्या एका अनोळखी पेशंटचा केसपेपर वाचत बसलेलं असतं, आणि त्याच्यापुढे सवाल असतो : या माणसाला ॲलर्जी ‘आहे’, की ॲलर्जी ‘झाली’?

मराठीत फरक एका क्रियापदाचा. मेडिकल कोडिंगमध्ये त्या दोन वेगळ्या दुनिया.

‘मेडिकल कोडिंग म्हणजे कॉल सेंटरच ना गं?’ असं ज्यांच्या मावशीने लग्नात चारचौघांत विचारलंय, त्यांच्यासाठी हा फंडा थोडक्यात. तिकडचा डॉक्टर तपासतो आणि लिहितो. इकडचा कोडर (बहुतेकदा बी. फार्म, नर्सिंग, होमिओपॅथी किंवा फिजिओ झालेला) ते वाचून प्रत्येक निदानाला ‘आयसीडी-१०-सीएम’ नावाच्या यादीतला कोड लावतो. विमा कंपनी तो कोड बघून पैसे देते किंवा अडवते. अमेरिकेत ही यादी १ ऑक्टोबर २०१५ला लागू झाली. आधीच्या यादीत सुमारे १४ हजार कोड होते, हिच्यात ७०हजारांच्या आसपास. सगळे पाठ असलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

आता समजा, केसपेपरवर लिहिलंय ‘पेनिसिलिन ॲलर्जी’. पेशंट आलाय पाय मुरगळला म्हणून, आणि ॲलर्जी ही जुनी माहिती आहे. मग कोड ‘झेड ८८.०’. म्हणजे ‘आहे’. पण तोच पेशंट अमॉक्सिसिलिनची गोळी घेऊन अंगभर गांधी उठल्यामुळे इमर्जन्सीत आला असेल, तर आधी ‘एल ५०.०’, म्हणजे ॲलर्जीमुळे उठलेलं पित्त, आणि त्यानंतर ‘टी ३६.०एक्स५ए’. ते मधलं ‘५’ फार महत्त्वाचं. औषध बरोबर, डोस बरोबर, तरीही शरीराने हिसका दाखवला, असा त्याचा अर्थ. तेच पेशंटने चुकून दुप्पट गोळ्या घेतल्या असत्या, तर ५च्या जागी १ आला असता, त्याला ‘विषबाधा’ म्हटलं गेलं असतं आणि कोडचा क्रमही उलटला असता : आधी औषध, मग त्रास. आणि शेवटचा ‘ए’ म्हणजे उपचार अजून चालू आहेत. नंतर नुसतं चेकअपला आला तर ‘डी’. एका अक्षराने क्लेम परत येतो, बॉस! आणि टीम लीडला साधारण ९५ टक्के अचूकता हवी असते, ती वेगळीच.

यात गंमत अशी की ॲलर्जीचं एक असं घरच नाही. परागकणांनी नाक गळायला लागलं तर ‘जे ३०.१’, श्वसनाच्या प्रकरणात. स्टेशनबाहेर घेतलेल्या कानातल्यांनी कान सुजले तर ‘एल २३.०’, धातूची ॲलर्जी, त्वचेच्या प्रकरणात. कोळंबी खाऊन घसा आवळला आणि बीपी कोसळलं तर थेट ‘टी ७८.०२’, जखमा आणि विषबाधांच्या शेजारी. असं का? कारण यादी जुनी आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची मूळ यादी १८९३मध्ये मांडली, आणि ‘ॲलर्जी’ हा शब्दच मुळी १९०६मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी तयार केला. बिऱ्हाड उशिरा आलं, मग जिथे खोली रिकामी मिळाली तिथे राहिलं.

याची किंमत नुसती बिलात मोजली जात नाही. आयसीडी-१०मध्ये ‘ॲनाफिलॅक्सिस’, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, मृत्यूचं मूळ कारण म्हणून नोंदवण्याची नीट सोयच नव्हती. ब्राझीलमध्ये लुसियाना टॅनो आणि सहकाऱ्यांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे मृत्यू प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात आणि त्याचं एक कारण कोडच आहेत, हे पुढे आलं. जे मोजलंच जात नाही, त्यासाठी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन गावोगावी ठेवा, असं सरकारला सांगणार कोण? १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये ॲलर्जीला अखेर स्वतःचा विभाग मिळाला, ॲनाफिलॅक्सिसला ‘४ए८४’ हा कोड मिळाला. अमेरिकेची बिलं मात्र अजूनही जुन्याच यादीवर चालतात.

‘हे सगळं अमेरिकेचं, आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणत असाल तर जरा थांबा. मागच्या वेळी घरातल्या कुणाच्या ॲडमिशनला कॅशलेस केलं होतंत ना? त्या क्लेम फॉर्मच्या हॉस्पिटलने भरायच्या भागातही आयसीडी-१०चा रकाना असतो. आणि डिस्चार्ज कार्डवर ‘एनकेडीए’ अशी चार अक्षरं असतील, तर त्याचा अर्थ ‘औषधाची कुठलीही ॲलर्जी माहीत नाही’. ती अक्षरं तुम्हाला विचारून लिहिली होती का, हे एकदा आठवून बघा.

आपल्याकडे खरी गोची होते ती भाषेत. डॉक्टर विचारतात, ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी?’ आपण म्हणतो, ‘ते अँटिबायोटिक मला उष्ण पडतं.’ किंवा ‘लहानपणी कसल्याशा इंजेक्शनची रिॲक्शन आली होती, आईला माहितीये.’ किंवा सगळ्यात भारी : ‘पित्त होतं.’ आता पित्त म्हणजे छातीतली जळजळ की अंगावरच्या गांधी? पहिलं बहुतेकदा साइड इफेक्ट, दुसरं कदाचित खरीखुरी ॲलर्जी. आपल्यासाठी दोन्ही पित्तच! अमेरिकेचा केस कोडणाऱ्या कोडरला तर अंदाज बांधायची परवानगीही नसते. डॉक्टरने स्पष्ट लिहिलं नसेल तर तो ‘क्वेरी’ टाकतो, नाहीतर ‘टी ७८.४०’ या, नेमकी कुठली ते न सांगणाऱ्या ॲलर्जीच्या कोडवर समाधान मानतो.

आणि एकदा चिकटलेला शिक्का सहजी निघत नाही. अमेरिकेत सुमारे १० टक्के पेशंटच्या नावापुढे पेनिसिलिन ॲलर्जी लिहिलेली असते. तपासणी केली तर त्यातल्या बहुतेकांना ती नसतेच. कुणाला लहानपणी तापातलं पुरळ आलेलं असतं, कुणाला नुसती मळमळ झालेली असते. ज्यांना खरोखर होती, त्यांच्यातल्याही सुमारे ८० टक्के जणांची दहा वर्षांत ओसरते. पण शिक्का असेपर्यंत डॉक्टर पेनिसिलिनला हात लावत नाहीत. त्याऐवजी जास्त महागडी, जास्त मोठा पट्टा मारणारी अँटिबायोटिक्स देतात आणि जंतू तेवढे निर्ढावतात. म्हणून तिकडे ॲलर्जिस्टकडून तपासून घेऊन हा शिक्का पुसायचं काम आता पद्धतशीर चालतं. (घरच्या घरी ‘एक गोळी खाऊन बघतो’ हा प्रयोग मात्र कृपया नको. खरी असेल तर ‘क्वेरी’ टाकायलाही वेळ मिळणार नाही.)

तर आज रात्री आईला फोन कराल तेव्हा जेवलीस का विचारून झाल्यावर एवढं विचारा : ते इंजेक्शन कुठलं होतं, मी किती वर्षांचा किंवा वर्षांची होते, आणि नक्की काय झालं होतं? पुरळ, सूज, धाप, की नुसती उलटी? औषध घेतल्यावर किती वेळाने? जुनी फाइल असेल तर तिचा फोटो मागवा. मोबाइलमध्ये ‘औषधं’ नावाची एक नोट करून हे लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की ‘उष्ण पडतं’ म्हणण्याऐवजी ती नोट दाखवा.