विहिरीचा पहिला आकडा



भोपाळचा युनियन कार्बाइड कारखाना सेविन बनवायचा; कपाशीवर फवारायचे औषध. १९८४ साली वायू सुटला, हजारो माणसे मेली, कारखाना बंद पडला. आवारात पुरलेली घाण मात्र पावसागणिक जमिनीत मुरत राहिली. शेजारच्या वस्त्या हातपंपाचे पाणी पीत होत्या. त्यांना स्वच्छ पाणी द्या, हे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

चार विहिरींची पातळी ताडून पाहिली की जमिनीखालचे पाणी कुठे वाहते ते कळते. त्यात काय मिसळले ते तपासणीत कळते. गावाशेजारी कारखाना येणार असेल तर तो सुरू होण्याआधीच दोन्ही नोंदी ग्रामपंचायतीच्या दफ्तरी करा. मग दरवर्षी मे आणि ऑक्टोबरात. पहिला आकडाच नसेल तर विहीर कुणी नासवली, हे कोर्टात कशावर सांगाल?