जनगणनेच्या पानात आजोबांचं नाव नाही. मग ते सापडतं कुठं?

२९ ऑगस्ट २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला लाठीमार झाला. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात एक शब्द घराघरात गेलाय, तो म्हणजे नोंद. "तुमची नोंद निघाली का?" हे आता सोयरिकीच्या बैठकीतही विचारलं जातं. मोबाईलवर जुन्या इंग्रजी पानांचे फोटो फिरत असतात. १८८१ ची जनगणना, हैदराबाद गॅझेटियर, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, "हा घ्या पुरावा, सेव्ह करून ठेवा."

सेव्ह करायला हरकत नाही. पण त्या पानात नेमकं काय आहे आणि काय नाही, हे कळलं नाही तर माणूस वर्षभर चुकीच्या दारात हेलपाटे घालतो.

हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ साली झाली आणि पुढं दर दहा वर्षांनी होत गेली. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. मोजणारा घरोघर जाऊन माहिती लिहून घ्यायचा, पुढं त्यांची बेरीज व्हायची आणि छापला जायचा तो फक्त तक्ता. कोणत्या जिल्ह्यात किती माणसं, किती पुरुष, किती बायका, कोणत्या जातीचे किती. घरोघरचे कागद नंतर जपून ठेवले गेले नाहीत. १९०९ चं हैदराबाद संस्थानाचं गॅझेटियर १९०१ च्या जनगणनेच्या आकड्यांवर लिहिलेलं आहे. म्हणजे त्यातही आकडेच. तुमच्या पणजोबांना त्या आकड्यात मोजलेलं असणार, पण ते कोण होते हे तो आकडा सांगत नाही.

दुसऱ्या देशांत गोष्ट वेगळी आहे. इंग्लंड-वेल्सनं १९२१ चे घरोघरचे फॉर्म १०० वर्षं बंद ठेवले आणि जानेवारी २०२२ मध्ये खुले केले. अमेरिकेत ७२ वर्षांचा नियम आहे, १९५० चे कागद एप्रिल २०२२ ला खुले झाले. तिथं नाव टाकलं की आजोबांचं घर, वय, धंदा समोर येतो. आपल्याकडं १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की घरोघरची नोंद कुणाला बघता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जाती मोजणारी २०२७ ची जनगणना याच कायद्याखाली आहे. त्यात तुम्ही सांगितलेली जात आकड्यात जाईल, पण ती नोंद दाखवून तुमच्या नातवाला दाखला मिळणार नाही.

याला एक अपवाद आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी गावोगावची नावं उतरवून नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर केलं होतं. आसाममध्ये पुढं याच रजिस्टरवरून केवढं रामायण झालं, ते टीव्हीवर पाहिलंच असेल. आपल्याकडं कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं कागदांची जी यादी केली, तिच्यातही हे रजिस्टर आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात तुमच्या गावचं आहे का, एवढं विचारून या.

आता मुद्द्याचं. आझाद मैदानाच्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. लोकांना वाटलं, गॅझेट लागू झालं म्हणजे दाखला आलाच. निर्णय वाचला तर तसं दिसत नाही. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवर समिती आहे. जमिनीचा पुरावा नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी आपले पूर्वज त्या भागात राहत होते, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. गावातल्या किंवा भावकीतल्या कुणाला आधीच कुणबी दाखला मिळाला असेल आणि तो 'हे आमच्याच कुळातले' असं प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल, तर समिती वंशावळ तपासून चौकशी करणार. म्हणजे सगळं फिरून वंशावळीवरच येतं. गॅझेट आकडा देतं. त्या आकड्यापासून तुमच्या आधार कार्डापर्यंतची साखळी तुम्हालाच जोडायची आहे, कारण जात पडताळणीच्या कायद्यात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे.

ही साखळी किती अवघड आहे, हे न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या पहिल्या हिशेबातून दिसतं. मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले, कुणबी नोंदी निघाल्या ११,५३०. दीड हजार कागद उलटावे तेव्हा एक. पुढं शोध राज्यभर गेला आणि आकडा ५० लाखांच्या वर गेला, पण मराठवाड्याचा वाटा त्यात थोडकाच राहिला.

याच अंबड तालुक्यात वडीगोद्रीला जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके उपोषणाला बसले होते, ते ओबीसींच्या बाजूनं. खोट्या नोंदी घुसतील, ही त्यांच्याकडची भीती आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. खोटा दाखला काढला तर सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद कायद्यात आहे, शिवाय मिळालेली नोकरी आणि प्रवेश जातो. ज्याची साखळी खरी आहे, त्यानं ती कागदानं पक्की करून ठेवली, तर वडीगोद्रीच्या माणसालाही तिच्यावर बोट ठेवता येणार नाही.

मग नाव असलेले कागद कुठले? पहिला शाळेचा, प्रवेश-निर्गम रजिस्टर. आपल्या खेड्यांत शाळा उशिरा आल्या, पणजोबा शाळेची पायरी चढलेच नसतील. पण त्यांचा चुलतभाऊ, भावकीतलं एखादं पोरगं गेलं असेल. बापाकडून रक्ताच्या नात्यातली नोंद असेल तर ती तुमच्याही कामाची. दुसरा १९५४-५५ चा खासरा. त्यात जमीन कुणाची, कसतो कोण, हे सापडतं. इथं एक घोळ होतो. आजचा गट नंबर आणि तेव्हाचा सर्व्हे नंबर एक नसतो, आधी एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून दोन्ही जुळवा, नाहीतर दुसऱ्याच्याच आजोबांचा कागद घेऊन याल. तिसरा गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक. त्याशिवाय दुय्यम निबंधकाकडची जुनी खरेदीखतं, दत्तकपत्रं, ठोक्या-बटईची पत्रं. सरकारच्या यादीत कारागृहाचं रजिस्टर आणि पोलीस ठाण्याचे जुने पंचनामेसुद्धा आहेत. आजोबांवर कधी केस झाली असेल तर लाजू नका, ती कामाला येऊ शकते.

जुना कागद हाती आला तरी वाचता येत नाही, ही पुढची अडचण. निजामाच्या काळातला कागद उर्दूत असतो नाहीतर मोडीत. साल फसली असतं, त्यात ५९० मिळवायचे. फसली १३४० म्हणजे साधारण १९३०-३१. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. 'सखाराम वल्द केशव' एवढंच, वल्द म्हणजे मुलगा. एका गावात असे चार सखाराम असतात. त्यातला आपला कोणता, हे बापाच्या आणि आजाच्या नावावरूनच ओळखायचं.

आणि ती नावं कुणाला माहीत असतात? म्हाताऱ्या आत्याला. कागदावरच्या वंशावळीत लेकींची नावं टाकायची पद्धत नाही, पण माहेरच्या पाच पिढ्या तोंडपाठ असतात त्या तिलाच. कोण कुणाच्या मांडीवर दत्तक गेलं, कोणतं घर परगावी उठून गेलं, कोणत्या भावाला घरात दुसऱ्याच नावानं हाक मारायचे. मोबाईल समोर ठेवून तिचं बोलणं रेकॉर्ड करा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही कुळाची नावं सापडतात. सरकारी पुरावा म्हणून वही किती टिकेल ते पडताळणी समिती बघेल, पण मधली तुटलेली कडी कोणती, ते तिथं कळतं.

जाण्याआधी एक बघून घ्या. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद औरंगाबादेतून आले, परतूर परभणीतून आला. जालन्याला "इथं तुमचं काही नाही" असं सांगितलं म्हणून परतूरकडच्या लोकांनी तेवढ्यावर परत फिरू नये. पुढची एसटी परभणीची धरावी.