पाच बिबटे की एकच?



भाताची झोडणी उरकली, की आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर एक बातमी हमखास उठते: बिबट्या आला! परवा एका वाडीवर गेलो, तर मंडळी म्हणाली, "साहेब, एक नाही, चांगले पाच आहेत." विचारले, "पाच कशावरून?" तर पाच जणांनी पाच ठिकाणी पाहिला होता. आता सांगा, तुमची गाय सकाळी माळावर, दुपारी ओढ्यावर आणि संध्याकाळी गोठ्यात दिसली, तर तीन गाई होतात का? तुम्ही तिला कपाळावरच्या चांदावरून ओळखता.

बिबट्याही तसाच ओळखता येतो. त्याचे ठिपके म्हणजे आपल्या अंगठ्याचा ठसाच; एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. डाव्या कुशीची नक्षी उजव्या कुशीवरही नसते, म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही अंगांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधतात. समुद्रातल्या व्हेल शार्क या अजस्र माशाचेही असेच. त्याच्या कल्ल्यांमागचे पांढरे ठिपके फोटोवरून जुळवण्यासाठी शास्त्रज्ञांनी २००५ साली चक्क आकाशातले तारे जुळवण्याची गणिती रीत वापरली. तोच मासा पुढे कुठे गेला, हे त्याला हात न लावता कळते.

घाटापलीकडे अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ऊसमळ्यांच्या मुलखात असे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले, तेही भरवस्तीत. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचा होता. शेळ्या संख्येने कितीतरी जास्त असूनही कमी मारल्या गेल्या होत्या.

"पिंजरा लावा आणि लांब सोडा," असे आपण सहज म्हणतो. पण जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले, असे २०११ सालच्या अभ्यासात दिसून आले. शिवाय पिंजऱ्यात सापडला तोच शेळी मारणारा, हे ठिपके पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

तेव्हा आपल्या हातातले आपण करू या. शेळ्या-वासरे रात्री पक्क्या दाराच्या, वरूनही बंद असलेल्या गोठ्यात घ्या. मेलेली कोंबडी, उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तिन्हीसांजेला मुलांना एकटे सोडू नका. जनावर मारले गेलेच, तर ते जागचे हलवू नका. कानातल्या बिल्ल्यासह त्याचा फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई नाही.

आणि हो, जिवंत बिबट्याचा फोटो काढायला मात्र कोणी जाऊ नका. ते काम झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचे. त्याला बायको-पोरे नसतात, तुम्हाला आहेत!